आधी खोली खोडा

प्रश्न : ताई, नमस्कार. मी हडपसरजवळच्या एका कंपनीत क्वालिटी विभागात काम करतो. मांजरीत वडिलांनी घेऊन ठेवलेला दोन गुंठ्यांचा एनए प्लॉट आहे. तिथे तळमजला आणि वर एक मजला असा २,४०० चौरस फुटांचा, चार बेडरूमचा बंगला बांधायचं ठरवलंय. कंत्राटदाराने चौरस फुटाला २,३०० रुपये दर सांगितला, म्हणजे ५५ लाख २० हजार. साठवलेले २५ लाख आहेत, बँकेने ४० लाख मंजूर केलेत. फर्निचरला साधारण दहा लाख उरतात. पण घरात रोज यादी वाढतेय. वडिलांना समोरून दगडी क्लॅडिंग आणि नक्षीचं सागवानी दार हवंय. पत्नीला मॉड्युलर किचन, आईला तळमजल्यावर देवघराजवळ खोली, मुलाला होम थिएटर. मेहुणे म्हणतात, सोलर आत्ताच बसवा. कुठे हात सैल सोडायचा आणि कुठे आखडता घ्यायचा? की सगळंच थोडं थोडं कमी करू?

— एक वाचक, मांजरी

उत्तर : तुमचे दहा लाख उरत नाहीत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं बोलणं सोपं होईल.

कंत्राटदाराला एकच विचारा : २,३०० चा दर जीएसटी धरून की सोडून? मालासकट कंत्राटावर १८ टक्के जीएसटी लागतो. ५५ लाख २० हजारांवर तो होतो ९ लाख ९३ हजार. झालं, फर्निचर संपलं. कंपाउंडची भिंत, बोअर, जमिनीतली पाण्याची टाकी, मंजुरीचे शुल्क, आर्किटेक्ट आणि आरसीसी कन्सल्टंट (सळई-काँक्रीटचा हिशेब काढणारा इंजिनियर) यांची फी, विजेचा मीटर हे सगळं त्या दरात आहे का, हे कागदावर पाहिलंत का? बहुतेक वेळा नसतं. शिवाय बांधकाम चालू असताना तुम्ही राहत्या घराचं भाडं भरणार आणि उचललेल्या कर्जाचं व्याजही भरणार. हे पैसे कुणाच्याच एस्टिमेटमध्ये दिसत नाहीत, खात्यातून मात्र दर महिन्याला जातात.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. सगळंच थोडं थोडं कमी करू का? नको. तेहतीस वर्षं साइटवर काढल्यानंतर सांगते, यासारखी महाग काटकसर दुसरी नाही. पाया जरा उथळ, सळई जरा बारीक, पाइप जरा स्वस्त, फरशी जरा हलकी असं करत गेलात तर २,४०० फुटांचं घर उभं राहतं, पण त्यातलं काहीच धड नसतं. दर्जा कापायच्या आधी चौरस फूट कापा. चौथी बेडरूम कोणासाठी आहे? पाहुण्यांसाठी असेल तर गेल्या वर्षी घरी किती रात्री पाहुणे राहिले ते आठवा. मी पाहिलेल्या बहुतेक घरांत पाहुण्यांच्या खोलीत शेवटी इस्त्रीचे कपडे, बंद पडलेली ट्रेडमिल आणि गणपतीचं मखर मुक्कामाला असतं.

चारशे फूट खोडा. हिशेबाने ९ लाख २० हजार वाचायला हवेत, पण तेवढे वाचणार नाहीत. स्वयंपाकघर, जिना, टाक्या आणि बहुतेक पाया तेवढाच राहतो, त्यामुळे खोली कमी केल्याने दराच्या प्रमाणात खर्च उतरत नाही. सहा-साडेसहा लाख धरून चाला. वरच्या मजल्यावरची ती जागा गच्ची म्हणून सोडा आणि आरसीसी कन्सल्टंटला आत्ताच सांगा की पुढेमागे इथे खोली येणार आहे. पाया आणि कॉलम त्या हिशेबाने काढायला आज फार पैसे लागत नाहीत, नंतर मात्र ते जमतच नाही. फक्त कॉलमच्या सळया गच्चीवर आकाशाकडे बघत उघड्या ठेवू नका. गावोगावी दिसतात तशा त्या दहा वर्षं गंजत राहतात आणि खोली बांधायची वेळ येते तेव्हा त्यांच्यावर भरवसा ठेवता येत नाही. हलक्या काँक्रीटमध्ये झाकून टाका, वेळ आली की फोडून मोकळ्या करता येतात.

उरलेल्या यादीला मी एकच प्रश्न विचारते : हे पुढे करायचं झालं तर काय फोडावं लागेल? सोलरसाठी काही फोडावं लागत नाही. किचनच्या ट्रॉल्यांसाठीही नाही. क्लॅडिंग भिंतीवर केव्हाही चढतं. पाया, भराव, बाथरूमचा संक (फरशीखालचा खोलगट भाग), भिंतीतल्या नळ्या मात्र फोडल्याशिवाय पुन्हा हाताला लागत नाहीत. पैसे आधी तिथे.

तुमच्या बाबतीत पहिला खर्च जमिनीखालचा आहे, कारण प्लॉट मांजरीत आहे. ज्या गावात ऊस आणि द्राक्षांवर संशोधन करणाऱ्या संस्था आहेत, तिथली माती पिकाला जेवढी मानवते तेवढी पायाला मानवत नाही. काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. एका मे महिन्यात तुमच्याच भागातल्या मोकळ्या प्लॉटवर भेगेत घातलेली माझी छत्री अर्धी आत गेली होती. अशा जमिनीवर उथळ पाया घातला की घर दरवर्षी थोडं वर, थोडं खाली होत राहतं आणि खिडक्यांच्या कोपऱ्यातून तिरक्या भेगा निघतात.

म्हणून जेसीबी दोन-तीन तासांसाठी बोलवा आणि प्लॉटवर तीन ठिकाणी ट्रायल पिट घ्या. त्या दिवशी आरसीसी कन्सल्टंटला साइटवर आणा, मोबाइलवर फोटो पाठवून भागवू नका. काळी माती कुठे संपते आणि मुरूम कुठे लागतो, ते टेपने मोजून लिहून ठेवा. पाया मुरमात किंवा खडकात टेकला पाहिजे. माती फार खोल निघाली तर कन्सल्टंट पाइल, म्हणजे जमिनीत खोलवर उतरवलेले काँक्रीटचे खांब, सुचवतील. पाइल म्हटलं की लोक घाबरतात. घाबरू नका, पण ही बातमी नकाशा पक्का करायच्या आधी कळायला हवी. बावधनला तुमचे नातेवाईक असतील तर ते सांगतील, ‘आम्हाला तर तीन फुटांवर पाषाण लागला.’ लागला असेल. त्यांनी दगड फोडणाऱ्या ब्रेकरला किती दिले तेही विचारा.

इथेच एक चोरवाट आहे, ती नीट लक्षात ठेवा. पाया खणताना निघालेली काळी माती साइटवर ढीग लावून ठेवतात आणि जोतं बांधून झालं की तीच आत ढकलतात. कंत्राटदाराचा मुरूमही वाचतो आणि माती बाहेर टाकायचं भाडंही. तुमच्या बाराशे फुटांच्या जोत्यात दोन फूट भराव धरला तर २४ ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) मुरूम लागतो. तो आणायला लावा, सहा-सहा इंचांच्या थरात पसरवून, पाणी मारून, धुमसून घ्या. ओळखीच्या एका घरात काळ्या मातीचा भराव होता. तिसऱ्या पावसाळ्यात हॉलच्या मधोमध फरशीला पोट आलं. चालताना पायाखाली ढबढब आवाज यायचा आणि बेडरूमचं दार खाली घासायला लागलं. फरशी उत्तम होती, पेटीवर परदेशी नाव होतं.

दुसरा खर्च पाण्याचा, आणि इथे मी स्वतः ठेच खाल्ली आहे. १९९६ साली आम्ही धायरीत घर बांधलं. मी आरसीसीची माणूस, त्यामुळे पाया आणि सळया अगदी चोख. शेवटी शेवटी पैसे आटले. एका बाजूला वरच्या बाथरूमच्या वॉटरप्रूफिंगचं बिल होतं, दुसऱ्या बाजूला भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून आणलेलं सागवान आणि दाराचा कारागीर. मी वॉटरप्रूफिंग आमच्या नेहमीच्या गवंड्याकडून ‘चांगलं सिमेंट मारून’ करून घेतलं आणि दारावर मोर कोरून घेतले. २००४ च्या सुमाराला खाली सासूबाईंच्या खोलीच्या छतावर चहाच्या डागासारखा गोल उमटला. त्या रोज सकाळी मला दाखवायच्या, ‘आज एवढा झाला.’ मग वरचं अख्खं बाथरूम फोडलं. जुन्या टाइल्स बाजारातून गेलेल्या होत्या, त्यामुळे आज तिथे खाली एक रंग आणि वर दुसरा आहे. आमचे हे त्याला मुळा-मुठेचा संगम म्हणतात. मोर अजून सुंदर आहेत, पण जुलैमध्ये दार फुगतं आणि आम्ही मागच्या स्वयंपाकघराच्या दाराने ये-जा करतो.

तेव्हा बाथरूमचा संक, गच्ची आणि टाक्या यांच्या वॉटरप्रूफिंगला हे काम जबाबदारीवर करणारा माणूस वेगळा नेमा. संकमध्ये भराव घालण्याआधी पाणी भरून तीन दिवस ठेवा आणि खालून छत बघा. भिंतीतल्या पाइपांना प्लास्टरच्या आधी प्रेशर देऊन तपासा. प्लास्टर व्हायच्या आदल्या दिवशी प्रत्येक भिंतीचा टेप लावून फोटो काढा, म्हणजे पुढे देव्हाऱ्याचा खिळा ठोकताना पाइप फुटणार नाही. याला एक रुपया लागत नाही.

एक रुपया न लागणाऱ्या गोष्टींची यादी तुम्हाला जास्त उपयोगाची आहे, कारण तुमचं रोजचं काम तेच आहे. कॉलमच्या सळयांभोवती ज्या रिंगा असतात, त्यांची टोकं आतल्या काँक्रीटकडे पूर्ण वळवायची असतात, १३५ अंशांत. फिटर घाईत काटकोनात वाकवून सोडतो. दिसायला सारखंच दिसतं. भूकंपात कॉलमवरचं बाहेरचं काँक्रीट सुटलं की काटकोनातली रिंग उघडते, आत वळलेली धरून ठेवते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप पुण्यात झोपेतून उठलेल्या लोकांना अजून आठवतो, तेव्हा हे पुस्तकी समजू नका. सळई आणि शटरिंगच्या फळ्या यांच्यामध्ये कव्हर ब्लॉक, म्हणजे अंतर राखणारे छोटे ठोकळे, आहेत का बघा : पायाच्या फुटिंगला ५० मिलिमीटर, कॉलमला ४०, स्लॅबला २०. दगडाची चिप सरकवलेली दिसली तर काढायला लावा. आणि क्युरिंग. साध्या सिमेंटला किमान सात दिवस, पीपीसीला, म्हणजे राख मिसळलेल्या सिमेंटला, किमान दहा दिवस काँक्रीट ओलं राहायला हवं. स्लॅबवर वाफे करून पाणी साठवतात, तो भाग सोपा. कॉलमला ओलं पोतं गुंडाळलंय आणि ते दुपारीही ओलं आहे, हे बघायला माणूस लागतो. वडील निवृत्त असतील तर हे खातं त्यांच्याकडे द्या. क्लॅडिंगचा विषय आपोआप मागे पडेल.

सळईवर बचत करू असं कुणी म्हणालं तर हा हिशेब दाखवा. चौरस फुटाला अर्धा किलो स्टील कमी केलं तर २,४०० फुटांत १,२०० किलो वाचतं. किलोला ६० रुपये धरले तर ७२,००० रुपये. एवढ्यात एक टीव्ही युनिट येतं.

आता घरातली यादी. आईंची खोली तळमजल्यावर हवीच, यात चर्चा नको. तिला जोडून बाथरूम, दार तीन फुटी, उंबरा नाही आणि कमोडशेजारच्या भिंतीत पुढे दांडी लावता येईल अशी भक्कम वीट. उंबरा नसला तर लक्ष्मी कुठून येणार, असं कुणी म्हणेलच. मुख्य दाराला ठेवा उंबरा.

किचनमध्ये ओट्याची उंची, खिडकीची जागा, सिंकचा ड्रेन, डिशवॉशरचा नळ आणि पॉइंट आत्ता करा. ओट्याची उंची कंत्राटदाराच्या सवयीने ठरवू नका. पत्नीला पोळ्या लाटायला उभं करून मोजा, बांधल्यावर ओटा फोडणं म्हणजे वैताग. ट्रॉल्या दोन वर्षांनी. तोवर कडप्प्याच्या फळ्या आणि स्टीलचे डबे यांवर आपल्या आयांनी संसार केलेत.

वडिलांना सांगा, समोरच्या दगडाऐवजी पश्चिमेच्या प्रत्येक खिडकीवर दोन फुटी छज्जा द्या. हल्ली एलेव्हेशन ‘क्लीन’ दिसावं म्हणून आर्किटेक्ट छज्जे उडवतात आणि मग जूनमध्ये खिडकीतून पाणी आलं की सिलिकॉनची ट्यूब घेऊन माणूस येतो. दारासाठी मी काही बोलायचा हक्क गमावला आहे.

सोलर आत्ता नको, पण गच्चीपासून मीटरपर्यंत रिकामी कंड्युट (वायर ओढायची नळी) टाकून ठेवा. घरगुती सोलरसाठी केंद्राची जी सूर्यघर योजना २०२४ मध्ये सुरू झाली, तिच्यात तीन किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान आहे. राहायला गेल्यावर, विजेचं बिल बघून ठरवा. पार्किंगमध्येही इलेक्ट्रिक गाडीसाठी जाड वायरचा एक वेगळा पॉइंट आत्ताच घ्या. मुलाचं होम थिएटर : एक कंड्युट आणि एक पांढरी भिंत.

यातून जे उरेल त्यातले किमान सहा लाख बाजूला ठेवा आणि त्यांचा आकडा कंत्राटदाराला सांगू नका. मेहुण्यांनाही नको. पाया खणताना काय निघेल ते जेसीबीच्या बकेटलाच माहीत. कंत्राटात शेवटचे पाच टक्के एक पावसाळा गेल्यावर द्यायचे, असं लिहून घ्या. कंत्राटदार कुरकुर करेल. अजिबात कुरकुर न करता सही करणाऱ्याचं आधीचं एखादं घर पावसात जाऊन बघा.

प्रश्न : वाघोलीत १,१०० चौरस फुटांचं घर बांधतोय. मालासकट कंत्राट द्यावं की माल आमचा आणि मजुरी त्यांची असं करावं? दुसऱ्यात खूप पैसे वाचतात म्हणे.

उत्तर : थोडे वाचतात. स्वतःच्या एकाच घराच्या निव्वळ मजुरी कंत्राटावर जीएसटी नाही, तो फक्त मालाच्या बिलांत येतो. कंत्राटदाराचा मालावरचा नफाही सुटतो. पण त्या दिवसापासून तुम्ही स्टोअरकीपर. वाळूचा ट्रक आला की आतला ढीग टेपने मोजायचा. ओली वाळू फुगते, त्यामुळे डोळ्यांना चार ब्रास दिसते तेवढी ती नसते. सिमेंटच्या गोणीवर छापलेला आठवडा आणि वर्ष वाचायचं, तीन महिन्यांहून जुनी गोणी परत पाठवायची. गोण्या भिंतीला टेकवून किंवा थेट जमिनीवर ठेवायच्या नाहीत. सळईचं वजनकाट्याचं बिल घ्यायचं. पती-पत्नी दोघंही नोकरीला जात असाल आणि घरातलं कुणी दिवसभर साइटवर बसणार नसेल तर मालासकट द्या. मात्र सिमेंट, सळई, पाइप, वायर आणि वॉटरप्रूफिंग यांचे ब्रँड आणि प्रकार कंत्राटात नावानिशी लिहा. ‘उत्तम प्रतीचे’ हे शब्द दिसले तर खोडा. कंत्राटदार विश्वासाचा आहे, गाववाला आहे, हेही कंत्राटात लिहिता येत नाही.

प्रश्न : आमच्या साइटवर महापालिकेचं पाणी नाही. बोअरचं पाणी चवीला मचूळ आहे. टँकर परवडत नाही. बोअरच्या पाण्यात स्लॅब केला तर काय बिघडेल?

उत्तर : आत्ता काही दिसणार नाही. बिघडेल ते दहा-बारा वर्षांनी, सळई गंजून काँक्रीटचे पापुद्रे पडायला लागतील तेव्हा. मचूळ चव क्षारांची असते आणि त्यातलं क्लोराइड सळईचा वैरी आहे. सळई असलेल्या काँक्रीटसाठी पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या वर नको आणि पीएच ६ च्या खाली नको, असं भारतीय मानक सांगतं. पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत एक बाटली द्या, खर्च टँकरच्या पुढे काहीच नाही. रिपोर्ट वाईट आला तरी टँकरचं पाणी वाटतं तेवढं लागणार नाही. काँक्रीट कालवायला लागणारं पाणी थोडं असतं, जास्त पाणी क्युरिंगला जातं. पण मचूळ पाणी क्युरिंगलाही नको. रोज वाळून क्षार तिथेच साठतात, पांढरे डाग येतात, रंग धरत नाही. त्यापेक्षा पोती आणि प्लास्टिकचा कागद वापरून टँकरचंच पाणी पुरवून वापरा. आणि रिपोर्ट हातात येईपर्यंत स्लॅबची तारीख देऊ नका, सेंटरिंगचं भाडं चढतंय म्हणून मुकादमाने कितीही घाई केली तरी.